बाणाचा नंबर, भंगाराचा भाव

*लष्कराने काढून टाकलेला ट्रक कितीला घ्यावा आणि पाच वर्षांनी तो कितीला जाईल? गोखिवऱ्याच्या पट्ट्यातून मांडलेला एका बेभरवशाच्या बाजाराचा हिशेब.*

वसई स्टेशनातून पूर्वेला उतरून रेंज नाका मागे टाकला की गोखिवरे लागते. आधी तलाव, मग जुनी घरे, आणि पुढे महामार्गापर्यंत गाळेच गाळे. वालीव, सातिवली, गोलाणी नाका ही नावे बदलत जातात. वेल्डिंगचा निळा उजेड आणि ग्राइंडरचा आवाज मात्र तोच राहतो. पलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्ग, त्यापलीकडे कामणच्या बाजूच्या दगडखदानी आणि तुंगारेश्वरचा डोंगर. बाहेरच्यांना गोखिवरे माहीत असते ते भोईदापाड्याच्या कचराभूमीमुळे. पण शहराने टाकून दिलेल्या वस्तूला दुसरा जन्म देण्याचे काम या पट्ट्यात त्याहून जुने आहे.

या भागाचे पोट चाकांवर चालते. पाण्याचा टँकर, खडीचा डंपर, बंद पडलेली गाडी उचलून नेणारी क्रेन. वसई-विरारला सूर्या, उसगाव, पेल्हार अशा धरणांतून पाणी येते, तरी उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकर उभा असतोच. नवा ट्रक लहान धंदेवाल्याच्या आवाक्यात नाही. म्हणून जुना शोधायचा. आणि जुन्यांत ज्याच्या नावानेच निम्मा सौदा होतो, तो म्हणजे ‘मिलिटरीचा’. चारही चाकांना जोर, किलोमीटर कमी, देखभाल वर्दीतल्या माणसांनी केलेली. ही ख्याती बरीचशी खरी आहे, आणि बोली लावणारा फसतो तोही तिच्यावरच विसंबून.

अशी गाडी हातात आल्यावर पहिला खर्च इंजिनाचा नसतो, रंगाचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. ज्या रंगाची भुरळ पडून गाडी घेतली, तोच आधी खरवडावा लागतो. या सगळ्या व्यवहाराचे मर्म त्यात आहे: आपण विकत घेतो ती लष्कराची गाडी नसते, लष्करातून बाहेर पडलेली गाडी असते. दोन्हींच्या भावांत मोठे अंतर आहे आणि ते अंतर मोजता येते.

डेपोच्या फाटकातून

सैन्याच्या हिशेबात गाड्यांचे तीन वर्ग. रणगाडे आणि चिलखती वाहने ‘ए’, ट्रक-जीप-जिप्सी ‘बी’, बुलडोझरसारखी यंत्रे ‘सी’. आपला विषय ‘बी’चा. वय आणि धाव ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, किंवा दुरुस्ती करणे आतबट्ट्याचे ठरले, की गाडीवर ‘बीईआर’चा शेरा पडतो. दुरुस्त होऊ शकेल, पण परवडणार नाही, असा त्याचा अर्थ. मग ती इतर गाड्यांबरोबर रांगेत उभी राहते, तिचा लॉट पडतो आणि लिलावाची तारीख लागते.

पूर्वी हे लिलाव डेपोच्या आवारात तोंडी होत. कोण आले, कोणाशी कोणाचे आधीच ठरले आहे, कोण गप्प राहण्याचे पैसे घेणार, हे फाटकाबाहेरच्या टपरीवर कळे. आज सरकारी लिलाव मुख्यतः एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत संगणकावर होतात. पोलाद मंत्रालयाखालची ही कंपनी १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठीच निघाली. नोंदणी करा, बयाणा भरा, ठरलेल्या दिवशी जाऊन माल पाहा, मग घरी बसून बोली लावा. शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली वाढवली तर वेळ पुढे सरकते. सर्वांत वरची बोली तुमची असली तरी गाडी लगेच तुमची होत नाही. अनेकदा निकाल ‘मंजुरीच्या अधीन’ असतो. मंजुरी आली की उरलेली रक्कम, जीएसटी आणि टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा कर) भरायचा, डिलिव्हरी ऑर्डर घ्यायची आणि मुदतीत माल हलवायचा. उशीर झाला तर जागेचे भाडे चढते.

अटींतले सर्वांत महाग वाक्य म्हणजे ‘जसे आहे, जिथे आहे’. फाटकाबाहेर आल्यावर गिअरबॉक्समध्ये दातच नाहीत असे दिसले, तरी तक्रारीला जागा नाही.

पाहणीचा दिवस

म्हणून सगळी मदार पाहणीवर. गाडी चालू करून दाखवतीलच असे नाही, बॅटरी बहुधा काढलेलीच असते. जाणता मिस्त्री मग डोळ्यांनी आणि बोटांनी काम करतो.

आधी तेलाची काडी. तेल काळे असेल तर ठीक. दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे, हेड गॅस्केट गेले किंवा ब्लॉकला तडा. मग टायर. बाजूवर चार आकडे असतात, ‘२३१८’ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी आणि आकडे दहा वर्षांपूर्वीचे असतील तर तो टायर वजनाने विकायचा, चालवायचा नाही. पुढच्या आणि मागच्या धुरीच्या हाउसिंगखाली तेलाचा ओघळ आहे का, पाट्यांतली एखादी पाती तुटून सरकली आहे का, ट्रान्स्फर केसचा दांडा हलतो का. चेसिसवर ठोकलेला नंबर गंजाखाली वाचता येतो का, हे खरडून पाहायचे. पुढच्या सगळ्या कागदांचा जीव त्या नंबरात आहे.

मागे वाकून पाहिले की डिफरन्शियलच्या गोळ्यावर पांढरा रंग दिसतो आणि त्यावर रोखलेला छोटा दिवा. रात्री दिवे मालवून ताफा चालतो तेव्हा मागच्या चालकाला तेवढाच पांढरा गोळा दिसत राहावा, म्हणून ही सोय. वायरिंग चोवीस व्होल्टचे. घेणाऱ्याच्या दृष्टीने या खुणा म्हणजे गाडी अस्सल असल्याची ग्वाही, पण त्यांचा वेगळा पैसा मिळत नाही.

सर्वांत कामाची माहिती मात्र पाटीवर असते. सैन्याच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो, त्यापुढे खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग वर्गाचे अक्षर आणि क्रमांक. बहुतेक जण ते आकडे पाहून गाडीचे वय काढतात आणि तिथेच थांबतात. पुढचा विचार करणारा रांगेतल्या सगळ्या पाट्या वाचत जातो. एकाच सालाच्या वीस गाड्या उभ्या असतील तर त्या सालाची खरेदी आता निवृत्त होऊ लागली आहे, आणि पुढची दोन-तीन वर्षे अशाच गाड्या येत राहणार. भावाचे पहिले भाकीत त्या रांगेतच वाचायला मिळते.

एका ट्रकचे तीन भाव

हिशेबनिसाला विचाराल तर जुन्या ट्रकला काहीच किंमत नसते. भाड्याने चालणाऱ्या ट्रकवर आयकराच्या नियमांनी दरसाल तीस टक्के घसारा धरला जातो. दहा लाखांचा ट्रक या दराने पंधरा वर्षांनी वहीत सुमारे ४,७५० रुपयांवर येतो. भंगारवाला त्या आकड्याला हसेल.

त्याचा हिशेब वजनकाट्यावर. समजा, ट्रकमधून पाच टन लोखंड निघते आणि किलोला तीस रुपये दर आहे. म्हणजे दीड लाख. त्यातून कटिंगची मजुरी, गॅस, वाहतूक आणि लाकूड-रबर-काचेची घट वजा करायची. इंजिनाचे बीड वेगळ्या दराने, रेडिएटर आणि तारांतले तांबे वेगळ्या दराने. हा झाला तळाचा भाव. याखाली गाडी जात नाही, कारण वाड्याच्या किंवा जालन्याच्या भट्टीला तो ट्रक जबलपूरचा शक्तिमान आहे की टाटा, याच्याशी कर्तव्य नाही.

दुसरा भाव सुट्या भागांचा. गिअरबॉक्स, धुऱ्या, स्टीअरिंग, विंच, चांगले टायर. इथे मेक महत्त्वाचा. सैन्याच्या लेलँड किंवा टाटा ट्रकांचे बरेच भाग रस्त्यावरच्या नागरी ट्रकांशी नाते सांगतात, म्हणून त्यांना बाराही महिने गिऱ्हाईक. मुख्यतः सैन्यासाठीच बनलेल्या गाडीचा भाग फक्त तिच्या भावंडांना बसतो. भावंडे रस्त्यावर असतील तोवर त्याला मोल, ती कापली गेली की तोही वजनाने जातो.

तिसरा भाव कागदाचा, आणि खरी तफावत इथे पडते. सैन्याच्या गाड्यांची नोंद आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६० खाली त्यांची वेगळी व्यवस्था आहे. गाडी सरकारच्या मालकीची राहिली नाही की त्याच कलमानुसार ३९ आणि ४० ही कलमे लागू होतात, म्हणजे तुमच्याआमच्या गाडीसारखी नोंदणी सक्तीची. त्यासाठी नमुना २० चा अर्ज आणि नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र लागते. नव्या गाडीला हे प्रमाणपत्र विक्रेता देतो; लष्करी लिलावातल्या गाडीला संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने द्यावे, असे त्या नमुन्यातच छापलेले आहे. शिवाय तंदुरुस्तीची तपासणी, कर, विमा. हे सगळे पार पडले तर एमएच ४८ ची पाटी लागून गाडी टँकर म्हणून महामार्गावर धावू शकते. नमुना २१ नसेल तर ती खदानीच्या आवारात फिरेल, नाहीतर कटिंगला जाईल.

दोन सारख्याच गाड्या शेजारी उभ्या असतात. एकीला हा कागद मिळणार आहे, दुसरीला नाही. जाणता माणूस पहिलीवर तिसऱ्या भावाने बोलतो, दुसरीवर पहिल्या. पहिल्यांदाच उतरलेला दोन्हींवर सारखे बोलतो आणि दुसरी जिंकतो.

आधी लाट, मग टंचाई

भविष्यातल्या भावाबद्दल बोलायचे तर मागच्या दोन लाटा पाहाव्यात. पहिली दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४५ साली भारत हे दोस्तराष्ट्रांचे प्रचंड कोठार होते. युद्ध थांबले आणि जीप, डॉज, शेवरोले, फोर्ड ट्रक, विमानांचे सांगाडे, तंबू, बूट असे सगळेच ‘डिस्पोजल’च्या बाजारात आले. चपट्या नाकाचे युद्धकाळातले ट्रक पुढे कित्येक दशके देशभरच्या रस्त्यांवर बंद गाड्या ओढणाऱ्या क्रेन म्हणून दिसत राहिले.

त्या काळच्या एका सौद्याने कायद्याच्या पुस्तकात जागा मिळवली. १९४६ च्या नोव्हेंबरात श्री हनुमान कॉटन मिल्सने टाटा एअरक्राफ्ट कंपनीकडून विमानांचे भंगार दहा लाख रुपयांना घ्यायचे ठरवले. पंचवीस टक्के, म्हणजे अडीच लाख, आधी भरले. बाकीची रक्कम भरली गेली नाही आणि कंपनीने अडीच लाख जप्त केले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली निकाल लागला: तो बयाणा होता, आणि खरेदीदाराने करार मोडला तर बयाणा बुडतो. १९४६ चे अडीच लाख! बोली लावताना बयाणा किरकोळ वाटतो. तो आपल्या भाकितावर आपणच लावलेला दंड असतो.

दुसरी लाट शक्तिमानची. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला हा लांब नाकाचा ट्रक बनू लागला. पहिली गाडी १९५९ ची. १९६९ पासून जबलपूरचा वाहन कारखाना स्वतंत्र उभा राहिला. उत्पादन १९९६ पर्यंत चालले. मग अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा ट्रक आला, आणि शक्तिमान लिलावात रांगेने उभे राहिले. तेव्हा भाव पडलेलेच होते, कारण गाड्या ढीगभर आणि सुटे भाग फक्त एकमेकांत. त्यांतल्या बऱ्याच कापल्या गेल्या. पण ईशान्येच्या डोंगरांत लाकूड आणि माल ओढायला त्यांच्याइतकी काटक गाडी नव्हती, म्हणून मणिपूर-मिझोरामकडे शक्तिमान दीर्घकाळ चालत राहिले. ज्याने पडत्या भावात चार गाड्या घेतल्या, दोन चालवल्या आणि दोन भागांसाठी ठेवल्या, त्याचे भाकीत बरोबर निघाले.

जोंगाची गोष्ट वेगळ्या टोकाची. निस्सानच्या परवान्याने जबलपूरलाच बनलेली ही दणकट गाडी १९९९ ला बंद झाली. त्यानंतर शौकिनांचा काळ आला. २०१९ साली महेंद्रसिंग धोनी रांचीत जोंगा घेऊन फिरला आणि नाव घरोघरी पोचले. शौकिनाचा भाव तळाच्या कित्येक पट असतो. पण तो नीट कागदाच्या आणि नीट जपलेल्या मोजक्या गाड्यांनाच मिळतो. शिवाय जोंगा दारात उभी करता येते, पाच टनी ट्रक उभा करायला जागा कोणाकडे आहे? ट्रकला शौकीन क्वचित भेटतो. त्याच्यासाठी पैसे राखून बोली लावणे म्हणजे न झालेल्या जावयाच्या भरवशावर मांडव घालणे.

अमेरिकेत हेच नाट्य हम्वी या लष्करी गाडीच्या बाबतीत झाले. डिसेंबर २०१४ मध्ये जुन्या पंचवीस हम्वी पहिल्यांदा खुल्या लिलावात आल्या. किमान बोली दहा हजार डॉलर, आणि एक गाडी ४१ हजारांना गेली. विकतानाची अट होती, सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही. तिथेही कागद वेगळा आणि गाडी वेगळी. पहिल्या लिलावातला भाव हा नवलाईचा भाव होता, आणि मागे रांग लांब होती.

भाकीत कशाचे करायचे

गाडीच्या भावावर तीन गोष्टींचा जोर असतो: पोलाद, कायदा आणि संख्या.

पोलादाचा दर एका रात्रीत फिरतो. २०२२ च्या वसंतात तो चढत होता. २२ मे २०२२ पासून केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क लावले आणि देशातले भाव घसरले. नोव्हेंबरात ते शुल्क मागे घेतले गेले. एप्रिलच्या दराने बोली जिंकून जूनमध्ये माल उचलणाऱ्याचे काय झाले असेल? वरच्या पाच टनांच्या हिशेबात किलोला तीन रुपये कमी झाले की पंधरा हजार जातात, आणि या धंद्यात एका गाडीमागे सुटणारा पैसा अनेकदा तेवढाच असतो. मंजुरी आणि उचल यांत जाणारे आठवडे म्हणूनच फुकटचे नसतात. पोलादाचे भाकीत करायच्या भानगडीत पडू नये. बोलीतच दहा-पंधरा टक्के घसरणीची जागा ठेवावी.

कायद्याची दिशा मात्र पाहून घेता येते. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. त्यात मोडीचे मूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरले आहे. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ५२ अ आला: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत मोडणी केंद्रांतच. देशाच्या संरक्षणासाठी वापरातल्या चिलखती आणि इतर विशेष वाहनांना सवलत आहे. साधा माल वाहणारा ट्रक त्या सवलतीत बसवायचा की नाही, यावर पुढच्या लिलावांत गाडी चालवायला विकली जाते की मोडायला, हे ठरेल. रोख तर स्पष्ट दिसतो. पंधरा वर्षांवरचा सरकारी ट्रक पुन्हा रस्त्यावर येऊ नये, हीच सरकारची इच्छा आहे.

त्यातला योगायोग असा की १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात युद्धातल्या विलीज जीपची जोडणी करून मोटारधंद्यात उतरलेल्या महिंद्रा समूहानेच एमएसटीसीबरोबर मोडणीची भागीदार कंपनी काढली. तिचे ‘सेरो’ नावाचे पहिले केंद्र २०१८ साली ग्रेटर नोएडात सुरू झाले. गाडी जोडणे आणि गाडी तोडणे, दोन्ही आता संघटित उद्योग. मधल्या गाळेवाल्याची जागा तेवढी आक्रसत आहे.

उरली संख्या. कंपनीच्याच सांगण्यानुसार स्टॅलियन साठ हजारांहून अधिक संख्येने सैन्यात गेले. नव्वदीच्या शेवटापासून सुरू झालेली ही खरेदी टप्प्याटप्प्याने निवृत्त होणार. म्हणजे या गाडीची टंचाई एवढ्यात होत नाही. तिच्या नावावर ‘पुढे भाव येईल’ म्हणून गाडी दाबून ठेवणारा भाडे भरेल, गंज पोसेल आणि शेवटी लोखंडाच्याच दराने विकेल.

याच्या जोडीला माणसाच्या स्वभावाचा एक सापळा आहे. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघा अमेरिकी अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास मांडला. वस्तूचे खरे मोल कोणालाच नक्की माहीत नसते, तेव्हा जो सर्वांत जास्त चुकून अंदाज वाढवतो तोच जिंकतो, आणि बोलणारे जितके जास्त तितकी ही चूक मोठी. तोंडी लिलावात आठ-दहा डोकी असत. संगणकावर देशभरचे बोलीदार येतात. आधीच आपसांत ठरवून येणाऱ्यांची साखळी मोडली हे चांगलेच झाले, पण जिंकणाऱ्याचा धोका वाढला. लिलावात लॉट हाती लागला की आनंदाआधी एक प्रश्न विचारावा: बाकीच्या सगळ्यांना असे काय दिसले, जे मला दिसले नाही?

बोलीचा कागद

मग पुढची दहा वर्षे कशी जातील? माझा अंदाज असा. भाव एकाच आलेखात धरता येणार नाही, तो दुभंगत जाईल. पंधरा वर्षांच्या आतला, नमुना २१ मिळणारा, चालू ट्रक महाग होईल. कारण खदान, टँकर आणि क्रेनची गरज कमी होत नाही आणि असा ट्रक मात्र विरळ होत जाईल. वयाची रेघ ओलांडलेला किंवा कागद नसलेला ट्रक पोलादाच्या दराला चिकटून राहील. त्याच्यावर दोन रुपये जास्त बोलायला मोडणी केंद्राकडे कारण नसेल आणि गाळेवाल्याकडे परवाना नसेल. सुट्या भागांचा भाव मधल्या काळात चांगला राहील, पण मोडणी केंद्रांतून भाग निघून संघटितपणे विकले जाऊ लागले की तोही उतरेल.

म्हणून गोखिवऱ्यातल्या माणसाने खडकीच्या किंवा जबलपूरच्या लिलावावर बोलण्याआधी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत लोखंडाचा भाव, कटिंग आणि वाहतूक वजा करून. दुसरीत आज गिऱ्हाईक तयार असलेल्या भागांचा भाव, उद्या मिळेल त्याचा नाही. तिसरीत नोंदणीचा भाव, आणि तोही नमुना २१ मिळेल असे निविदेच्या अटींत स्वच्छ लिहिलेले असेल तरच. नसेल तर शून्य. चौथ्या ओळीत जीएसटी, टीसीएस, रंग, टायर आणि दोन महिन्यांचे व्याज. पहिल्या तीन ओळींतल्या सर्वांत मोठ्या आकड्यातून चौथी वजा केली की जे उरते, ती बोलीची कमाल मर्यादा. गाडी त्यापुढे गेली तर ती दुसऱ्याची. स्टॅलियनच्या बाबतीत तर हातचे जाऊ देण्यात हळहळ करण्यासारखे काहीच नाही. त्याच सालाचे अजून हजारो डेपोच्या वाटेवर आहेत.